अनुभव धागा: देवाचे करार वाचताना, शिकवताना

हिब्रू शास्त्रातला देवाचा करार तुमच्या अभ्यासगटात कसा घेता? कोणता अध्याय आधी, लोक कुठे अडतात? नेमकं लिहा, पुढच्याला उपयोग होईल असं.

सांजवर्ग
उत्पत्ती या पुस्तकाचा १५ वा अध्याय घ्या, देव अब्रामाला संतती आणि देश देण्याचा करार करतो तो. पण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३४:१८ (अध्याय ३४, वचन १८) शेजारी उघडं ठेवा. तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका, शिवाय होला आणि पारव्याचं पिल्लू. जनावरं चिरून अर्धुकं समोरासमोर मांडली, पक्षी तसेच ठेवले. गिधाडं झेपावतात, अब्राम हाकलतो. या विधीचा अर्थ यिर्मयात उलगडतो: वासराच्या तुकड्यांमधून चालत जाऊन ज्यांनी करार मोडला, त्यांची गत त्या वासरासारखी. मग परत १५:१७ वर या. मधून जाते ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल, म्हणजे देवाची खूण. अब्राम चालल्याचा उल्लेखच नाही, १२ व्या वचनात त्याला गाढ झोप लागली आहे. देवाने स्वतःलाच बांधून घेतलं! बहुतेक वर्गांत अब्रामाने विश्वास ठेवला या ६ व्या वचनावरच तास संपतो आणि हे राहून जातं. त्यामुळे १२ ते १७ आधी मोठ्याने वाचून घ्यावं. अब्रामाच्या वंशजांचं चारशे वर्षांचं दास्यही १३ व्या वचनात सांगितलेलं आहे, तेही गाळू नका.

अनाथोथ
यिर्मयाने बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं, त्यातलं २९:११ हे आशेचं वचन घरोघरी भिंतीवर असतं, पण १० वं वचन सोडून. तिथे परतायला सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे पत्र ऐकणारे बरेच प्रौढ लोक परतणार नव्हते. म्हणून तर ५ व्या वचनात ‘घरं बांधा, बागा लावा’ असं सांगितलंय. यरुशलेम पडलं इ. स. पू. ५८६ च्या सुमारास, मंदिर पुन्हा उभं राहिलं ५१६ च्या सुमारास. मोजणी कुठून धरायची या वादात तास घालवू नका, थेट ३२ व्या अध्यायावर जा.

शहराला वेढा पडलाय, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तो चुलतभाऊ हनमेलकडून आपल्या अनाथोथ गावातलं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून. साक्षीदार बोलावले, खरेदीखताची एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही त्याचा लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. खरेदी झाल्यावर मात्र तो प्रार्थनेत देवाला विचारतोच, शहर तर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती चाललंय, मग हे शेत कशाला? तो प्रश्न वगळून शिकवलं की अध्याय पोकळ होतो. शेवटी एज्रा २:२३ काढा. परतलेल्यांच्या यादीत अनाथोथचे १२८ पुरुष आहेत. रुक्ष म्हणून ओलांडली जाणारी ती यादी इथे वाचायलाच हवी.

दुसरी बाजू
दाविदाच्या करारासाठी, म्हणजे त्याच्या वंशावरची कृपा काढून घेणार नाही या देवाच्या आश्वासनासाठी, २ शमुवेल ७:१४-१५ घेतलं तर स्तोत्र ८९ पूर्ण घ्या. ३७ वचनं आश्वासनाची, ३८ पासून ‘तू टाकून दिलंस’ ही तक्रार. हिब्रू प्रतीत मथळ्यालाही आकडा असल्याने वचन एकाने पुढे सरकतं, दोन्ही प्रती वापरत असाल तर आधी जुळवून घ्या.

मलिदा
आम्हा बेने इस्राएलांकडे (मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे) एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने मलिदा हा गोड पोह्यांचा प्रसाद होतो, नवस फेडताना, लग्नकार्यात, गृहप्रवेशाला. लोकांनी करार सोडला म्हणून १ राजे १९ मध्ये देवापाशी कळवळणारा तोच हा संदेष्टा. आठव्या दिवशीच्या सुंतेला त्याच्यासाठी खुर्ची मांडतात, ती याच नात्याने. तरुणांना हा अध्याय मलिद्याआधी वाचून दाखवावा, नाहीतर नुसता प्रसाद उरतो. पोहे चाळणीत धुऊन लगेच निथळवायचे. भिजत ठेवले तर लगदा होतो. ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा आधी. साखर अगदी शेवटी, कारण तिला पाणी सुटतं. ताटात रास करून भोवती फळं.

सांजवर्ग
एक राहिलं. यहोशवा २१:४५ मध्ये देवाने दिलेलं एकही वचन व्यर्थ गेलं नाही असं आहे, तर १३:१ मध्ये देशाचा पुष्कळ भाग घ्यायचा राहिलाय. वर्गात कुणीतरी हे विचारतंच. उत्तर घाईने देऊ नका, शास्ते १ लगेच वाचा आणि कुठल्या वंशाने कुठलं गाव सोडलं ते नकाशावर खूण करत जा.