रिव्हॉल्व्हरला फिक्स साइटच ठेवू की अॅडजस्टेबल बसवून घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा रस्त्यावर आमचा पेट्रोल पंप आहे. रोजचा भरणा बँकेत न्यावा लागतो, म्हणून ११ वर्षांपासून माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या कारखान्यातलं. नेम धरायच्या साइट दोन: पुढे नळीच्या टोकावर माशी (छोटा उंचवटा), मागे खाच, दोन्ही पक्क्या. फिरवायला काही नाही.

दोन वर्षं झाली, बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल शिकतोय. तिथे छर्रे डावीकडे जायला लागले की मागच्या साइटचा स्क्रू दोन क्लिक फिरवायचा, झालं. त्याच सवयीने गेल्या महिन्यात क्लबच्या रेंजवर रिव्हॉल्व्हर चालवलं. १० मीटरवर सहाही गोळ्या ८ सेंमी खाली आणि थोड्या डावीकडे. विखुरल्याही नव्हत्या, तळहाताएवढ्या जागेत होत्या. म्हणजे इतकी वर्षं कमरेला बाळगलेलं हत्यार मी नेम धरेन तिथे मारतच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. चुकलेली गोळी कुणाला लागेल हाच विचार.

एक दुकानदार अॅडजस्टेबल साइट बसवून देतो म्हणतोय. पण ती उंच असते, सदऱ्यात अडकेल. दणक्यांनी स्क्रू सैल झाला तर मला कळणारही नाही. दोन साइटमधलं अंतर १२५ मिमी आहे, त्यावरून हिशेब केला: १० मीटरवरचे ८ सेंमी म्हणजे माशीच्या उंचीत फक्त १ मिमी. गोळी खाली लागते म्हणजे माशी उंच आहे. ती घासून घ्यावी का? जास्त घासली तर परत येणार नाही, तीच भीती आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

दादा, कानस लावायची घाई करू नका. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे गेली की आधी ट्रिगरचा झटका तपासायचा. हात वाळूच्या पिशवीवर टेकवा, हॅमर (मागचा घोडा) मागे ओढून सहा गोळ्या मारा, तेव्हा ट्रिगर हलका लागतो, झटका कमी बसतो. नंतर हॅमर न ओढता नुसत्या ट्रिगरने सहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. अॅडजस्टेबल साइटचा खरा फायदा वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या वापरणाऱ्याला. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर दणक्याने नळी उचलली जाते आणि गोळी वर लागते. तुम्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याचीच एक गोळी वर्षानुवर्षं वापरणार, मग त्या स्क्रूचा उपयोग काय? रिव्हॉल्व्हरला दुकानदाराच्या हौसेची गरज नाही.

धागाकर्ता:

खूप आभार. काल तसंच केलं. हॅमर ओढून मारल्यावर डावीकडचा कल गेला, म्हणजे तो दोष माझ्या बोटाचा. खालच्या ८ सेंमीपैकी ५ मात्र राहिलेच. अॅडजस्टेबलचा विचार सोडला. आता साधारण ०.६ मिमी माशी उतरवायची आहे, तीही एकदम नाही: थोडी घासायची, रेंजवर तपासायचं, पुन्हा थोडी. पुण्यात परवानाधारक कारागीर एवढ्या धीराने हे काम करून देतो का? कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.