मदत हवी आहे: ओपनस्ट्रीटमॅपवरची काश्मीरची सीमा आणि आपला कायदा, मेळ कसा घालायचा?

दुर्बीण:
नमस्कार. आम्ही काही पक्षीनिरीक्षक मिळून पट्टकादंबांच्या नोंदींचा ऑनलाइन नकाशा करतोय. हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर असतात आणि उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलियाकडे जाऊन घरटी करतात. त्यामुळे नकाशात हिमालय टाळताच येत नाही. तळाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला, कारण तो मुक्त आहे आणि पाणवठे त्यात छान सापडतात.

मागच्या आठवड्यात त्याची छापील प्रत एका शाळेला दिली. मुख्याध्यापकांनी ती परत पाठवली. यातलं काश्मीर पाठ्यपुस्तकातल्यासारखं नाही, म्हणाले. बघितलं तर त्यांचं खरंच होतं. सीमा नियंत्रण रेषेवरून काढलेली आहे आणि अक्साई चीन बाहेर आहे. इतके महिने रोज तो नकाशा बघत होते, पण लक्ष फक्त पक्ष्यांच्या ठिपक्यांवर होतं. फार वाईट वाटलं.

आता विचारायचं ते हे. ओपनस्ट्रीटमॅपवर संपादन करायला तर कुणालाही मुभा आहे, मग ती रेषा मीच दुरुस्त करू का? खातंसुद्धा उघडलंय. की हा नकाशाच सोडून द्यावा? आणि कायद्याने आम्ही आत्ता कुठे उभे आहोत?

मैलाचा दगड:
सर्वात आधी, कृपा करून ती रेषा हलवू नका. तुम्ही सरकवाल, तासाभरात कुणीतरी परत जागेवर आणेल, आणि तुमच्या खात्यावर विनाकारण डाग लागेल.

ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा की जमिनीवर प्रत्यक्षात जे आहे ते नोंदवायचं. सीमेच्या बाबतीत याचा अर्थ, ताबा कुणाचा आहे. कोणाचा दावा न्याय्य आहे याचा निवाडा तिथे होत नाही, आणि तो तिथे होऊ नये असंच माझं मत आहे. हा नियम पाळणंही सोपं नाही. क्रिमियाचं उदाहरण बघा. २०१४ मध्ये तो रशिया आणि युक्रेन दोन्हींच्या हद्दीत दाखवायचं ठरलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये वाद सोडवणाऱ्या गटाने तो फक्त रशियात ठेवायचा निर्णय दिला, आणि पुढच्याच महिन्यात संस्थेच्या संचालक मंडळाने तो फिरवला. जगभरचे स्वयंसेवक एका रेषेवरून इतके थकतात.

आता आपला कायदा. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०१६ मध्ये शंभर कोटींपर्यंतच्या दंडाचं विधेयक मसुद्याच्या रूपात आलं होतं, ते पुढे गेलं नाही. त्याची भीती अजून काहींच्या मनात आहे, ती काढून टाका. उलट १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे करायला बरीच मोकळीक दिली. मात्र राजकीय सीमांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचीच रेषा प्रमाण, हे त्यातही आहे.

म्हणून माहितीसाठा आहे तसा राहू द्या. बदल तुमच्या पानावर करा, म्हणजे नकाशा दाखवताना.

दुर्बीण:
खूप आभार. खातं आता फक्त पाणवठे भरायला वापरीन. पण दाखवताना बदल करायचा कसा? वरून सर्व्हेची रेषा काढून पाहिली, तर खालची जुनी रेषा तशीच दिसते.

उंबरठा:
कारण तुम्ही तयार चित्रांच्या टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, वापरताय. त्यात रेषा चित्रातच पक्की झालेली असते, पुसता येत नाही. व्हेक्टर टाइल घ्या, त्यात चित्राऐवजी रेषांची माहिती येते आणि ती कशी दाखवायची ते आपण ठरवतो. ओपनमॅपटाइल्स या ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेल्या व्हेक्टर टाइलच्या रचनेत सीमांचा थर वेगळा असतो आणि प्रत्येक रेषेला प्रशासकीय पातळीचा आकडा, वादग्रस्त आहे की नाही याची खूण, असं सगळं जोडलेलं असतं. पातळी २ म्हणजे देशाची सीमा. ती बंद करायची आणि सर्व्हेची रेषा वेगळा थर म्हणून वर ठेवायची. वेगळाच ठेवा, ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीत मिसळू नका. मिसळलेला माहितीसाठा लोकांना उपलब्ध केलात, तर त्यांच्या परवान्याप्रमाणे तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. आणि ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश कोपऱ्यात दिसलाच पाहिजे.

इथे बहुतेक जण एका गोष्टीत फसतात, मीही फसलो होतो. देशाची सीमा बदलली तरी पातळी ४ च्या, म्हणजे राज्यांच्या आणि प्रांतांच्या, रेषा राहून जातात. मग भारताच्या बाह्यरेषेच्या आतच गिलगिट-बाल्टिस्तान पाकिस्तानच्या प्रांतासारखं उठून दिसतं. त्या भागातल्या पातळी ४ च्या रेषा आणि नावंही बंद करा. शिवाय सीमेची फाइल ३१ ऑक्टोबर २०१९ नंतरची आहे ना, ते तपासा. जुन्या फाइलमध्ये लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश नसतो. अरुणाचलात एवढा त्रास होत नाही, तिथे ताबा आपलाच असल्याने दोन्ही रेषा जवळपास जुळतात.

मैलाचा दगड:
एक भर. तिबेटमधल्या नोंदी कुणी चिनी नकाशा ॲपवरून घेऊन पाठवल्या असतील, तर त्या तशाच टाकू नका. चीनमध्ये खाजगी सर्वेक्षणाला बंदी आहे आणि तिथल्या अधिकृत नकाशांना जीसीजे-०२ ही अक्षांश-रेखांशांची मुद्दाम सरकवलेली प्रणाली वापरावी लागते. जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीपेक्षा बिंदू काहीशे मीटर सरकतो. तळ्याकाठचं घरटं तुम्हाला डोंगरउतारावर दिसेल. ओपनस्ट्रीटमॅप डब्ल्यूजीएस-८४ वरच चालतो, त्यामुळे थेट जीपीएसच्या नोंदी नीट बसतील.

दुर्बीण:
काल रात्री बसून केलं. गिलगिटचं अगदी सांगितलंत तसंच झालं होतं, तुम्ही लिहिलं नसतं तर पुन्हा तीच चूक घेऊन शाळेत गेले असते. तिबेटच्या चार नोंदी पाण्याबाहेर का दिसतात हे कोडंही सुटलं, पाठवणाऱ्याला जीपीएसचे मूळ आकडे मागितलेत.

एक अडचण उरली आहे. सर्व्हेची रेषा लहान प्रमाणावरची आहे, त्यामुळे झूम करत गेलं की ती नदीच्या पात्रापासून सुटते आणि एकदोन गावं भलत्याच बाजूला जातात. सध्या ठरावीक झूमच्या पुढे रेषाच दिसणार नाही असं केलंय. असं करणं योग्य आहे का? कुणी आधी केलं असेल तर कृपया लिहा. नवी प्रत शाळेला सोमवारी द्यायची आहे.