समरकंद, बुखारा, खिवा आणि मधले रस्ते : उझबेकिस्तानचे अनुभव लिहा

गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीतली बरीच मंडळी उझबेकिस्तानला जाऊन आली. ई-व्हिसा सहज मिळतो, दिल्लीहून ताश्कंदचं विमान तीन तासांच्या आसपासचं आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. पण परत आल्यावर सगळ्यांकडे फोटो तेच, निळे घुमट आणि त्यापुढे उभं कुटुंब. म्हणून हा धागा काढतेय. जाऊन आला असाल तर तुमचा अनुभव इथे लिहा. सगळा कार्यक्रम लिहायची गरज नाही. कुठे पाय रेंगाळला, कुणाशी बोलणं झालं, काय अगदी जवळून पाहिलं, ते सांगा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जायचा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

सुरुवात मी करते, समरकंदच्या रेगिस्तान चौकापासून. तीन बाजूंना तीन मदरसे. डावीकडचा इथला राज्यकर्ता उलुगबेग याचा, १४२० मध्ये पूर्ण झालेला. समोरासमोरचा शेरदोर त्यानंतर दोनशे वर्षांनी बांधला आणि मधला तिल्लाकारी त्याच्याही नंतर. लांबून बघताना हे अंतर कळत नाही, इतकं ते एकमेकांना धरून आहे. शेरदोरच्या कमानीवर पट्टेरी सिंह पांढऱ्या हरणांच्या मागे धावताहेत आणि सिंहांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य उगवलाय. मदरशाच्या दारावर असं चित्र बघून मी थबकलेच. भिंतीजवळ गेल्यावर कळतं की ती फुलं रंगवलेली नाहीत. वेगवेगळ्या रंगांच्या भाजलेल्या फरशा कापून, पाकळी पाकळी जोडून बसवलेली आहेत. तिल्लाकारीच्या आत सोनेरी छताखाली मान वर करून उभं राहा. घुमट खोल वर जातोय असं वाटतं, पण छत सपाट आहे. वर वर बारीक होत जाणाऱ्या नक्षीने ते साधलंय. चौकात सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, असं दोनदा जा. सकाळी कमानींच्या आतलं काम नीट दिसतं.

सातारा, निवृत्त भूगोल शिक्षिका

ताई, रेगिस्तानबद्दल छान लिहिलंत. मी उलुगबेगच्या वेधशाळेबद्दल लिहिते, कारण बहुतेक गट तिथे पंधरा मिनिटांत उरकतात आणि मला ते फार लागतं. वर काहीच उरलेलं नाही. खडकात खोदलेला एक चर आणि त्यात वाकत खाली गेलेली दगडी कमान, एवढंच. पण ही कमान म्हणजे सुमारे चाळीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. पंधराव्या शतकात, दुर्बीण नसताना, यावर सूर्याची उंची मोजत होते. इथे १०१८ ताऱ्यांची यादी तयार झाली आणि नाक्षत्र वर्षाची, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाची, लांबी आजच्या आकड्यापासून मिनिटभराच्याही आत आली. हा माणूस तैमूरचा नातू आणि राज्यकर्ता. १४४९ मध्ये मुलाच्याच सांगण्यावरून त्याचा खून झाला आणि वेधशाळा मोडली गेली. १९०८ मध्ये व्याटकिन नावाच्या रशियन संशोधकाने ती जागा शोधून खोदली. त्याची कबरही तिथल्याच आवारात आहे.

मी आयुष्यभर मुलांना जयपूर-उज्जैनच्या वेधशाळा फळ्यावर शिकवल्या. सवाई जयसिंहाने त्याच्या कोष्टकांसाठी उलुगबेगच्याच कोष्टकांचा आधार घेतला होता. कठड्याला धरून त्या कमानीवर कोरलेल्या अंशांच्या खुणा बघताना मला रडू आलं. गाइडला वाटलं, तब्येत बिघडली.

पुणे

ताश्कंदला लोक फक्त विमानतळासाठी थांबतात, त्यांनी निदान मेट्रोचं एक तिकीट काढावं. १९७७ ची, मध्य आशियातली पहिली. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. कॉस्मोनावतलार स्टेशनच्या भिंती गडद निळ्यातून काळ्याकडे जातात आणि त्यात गागारिन, तेरेश्कोवा हे अंतराळवीर आणि चक्क उलुगबेगही आहेत. पख्ताकोरला कापसाच्या बोंडांची नक्षी. अलिशेर नवाईला घुमटच घुमट. एका स्टेशनवर उतरायचं, बघायचं, पुढची गाडी पकडायची.

आईबरोबर शास्त्रीजींच्या स्मारकाला गेलो. १० जानेवारी १९६६ ला भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री ते गेले. आई तेव्हा शाळेत होती. घरी रेडिओ ऐकून आजोबा जेवले नव्हते, ते तिने तिथे उभं राहून सांगितलं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला आणि ताश्कंद जवळपास नव्याने उभं राहिलं. तिथले रस्ते इतके रुंद आणि इमारती इतक्या सोव्हिएत का, याचं उत्तर त्यात आहे.

डोंबिवली

शाकाहारी मंडळींसाठी. पुलाव, म्हणजे तिथला ओश, हा मांसाचाच, आणि त्यातलं मांस बाजूला काढून देतो म्हणतात तेव्हा भात मात्र त्याच चरबीत शिजलेला असतो. आधीच नाही म्हणा. पण उपाशी कुणी राहत नाही. भोपळ्याचा समसा मागा, तंदूरमधून काढलेला, वरून खुसखुशीत. टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर सगळीकडे मिळते. खरबुजं, जर्दाळू, सुकामेवा यांचं तर विचारू नका.

आणि नान. समरकंदच्या सियाब बाजारात सकाळी एका बाईंच्या भट्टीशी बराच वेळ उभी होते. गोळा हाताने पसरून कडा जाड ठेवायच्या, मधोमध खिळ्यांचा लाकडी शिक्का दाबायचा, वर तीळ किंवा काळे तीळ, आणि मग कोपरापर्यंत हात घालून भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापायचा. शिक्क्याने मधला भाग फुगत नाही, कडा फुगतात. तिथे नान सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात, आणि ताटात उलटा ठेवत नाहीत. माझ्या सासूबाई भाकरी उलटी ठेवू देत नाहीत, त्यामुळे मला ते सांगावं लागलं नाही. हिरवा चहा आधी पेल्यात ओतून पुन्हा किटलीत, असं तीनदा करतात. तुम्हाला पेला अर्धाच भरून दिला तर राग मानू नका. पाहुणा थांबावा, पुन्हा पुन्हा वाढता यावं, म्हणून तसं.

ठाणे

एक तक्रार नोंदवतो. आम्ही मोठ्या गटाबरोबर गेलो. बुखाऱ्याला मिळाली एक दुपार आणि त्यातले दोन तास गालिच्यांच्या दुकानात. रात्रीचं जेवण मात्र ‘भारतीय’ मिळावं म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला. बुकिंग करण्याआधी प्रत्येक शहरात किती रात्री मुक्काम आहे, ते लिहून घ्या. समरकंदला दोन आणि बुखाऱ्याला दोन तरी हव्यातच. अफ्रोसियोब ही वेगवान गाडी ताश्कंदहून समरकंदला साधारण सव्वादोन तासांत पोचवते, त्यामुळे स्वतंत्र जाणंही अवघड नाही. तिकिटं मात्र लवकर संपतात, विक्री सुरू झाली की लगेच काढा.

छत्रपती संभाजीनगर

ठाणेकरांचं वाचून वाईट वाटलं, कारण मला सगळ्यात जास्त आवडलं ते बुखाराच. समरकंद रंगाने डोळे भरून टाकतं, बुखारा मातीच्या रंगाचं आहे. सामानी घराण्याचा मकबरा दहाव्या शतकातला आणि त्यात भाजलेल्या विटेशिवाय काही नाही. पण विटा आडव्या, उभ्या, तिरक्या, आत-बाहेर अशा लावल्यात की भिंत विणल्यासारखी दिसते. उन्हाबरोबर सावल्या सरकतात आणि नक्षी बदलते. मी सकाळी गेलो, मग संध्याकाळी परत गेलो. कल्याण मिनार ११२७ चा, सेहेचाळीस मीटरच्या आसपास उंच. त्यावरही विटांचे पट्टे, शेजारशेजारचे दोन पट्टे सारखे सापडत नाहीत. चंगीझखानाच्या फौजेने १२२० मध्ये शहर जाळलं, पण हा राहिला.

माझं जाण्याचं कारण वेगळं होतं. आमचं घर पाणचक्कीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी हौदावर मासे बघायला जायचो. तिथे ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे, नक्शबंदी या सूफी परंपरेतले. ही परंपरा ज्यांच्या नावाने चालते त्या बहाउद्दीन नक्शबंद यांचा दर्गा बुखाऱ्याच्या वेशीबाहेर आहे. टॅक्सीने तिथे गेलो. तुतीची झाडं, पाण्याचा हौद, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका डबे उघडून बसलेल्या. एका आजोबांनी हातवारे करून विचारलं, कुठून? ‘हिंदुस्तान’ म्हटल्यावर दोन्ही हात छातीशी नेले, राज कपूरचं नाव घेतलं आणि मूठभर मनुका माझ्या खिशात घातल्या. पुढे गिज्दुवानलाही गेलो. आता ते मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, पिवळ्या-तपकिरी-हिरव्या झिलईची. या गावातून निघून एक माणूस आमच्या खाम नदीच्या काठी येऊन राहिला, हे चाकावर फिरणारी माती बघत असताना मनातून जात नव्हतं.

अजून एक. आमच्याकडे हिमरू विणतात, सूत आणि रेशीम मिळून. फरगाना खोऱ्यातल्या मार्गिलानला अद्रास विणतात. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. विणण्याआधीच ताण्याचे धागे बांधून रंगवतात, फिकट रंग आधी, गडद नंतर, दरवेळी गाठी सोडायच्या आणि नव्या बांधायच्या. म्हणून नक्षीच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. कोष उकळण्यापासून मागापर्यंत सगळं बघता येतं. गाठी बांधणाऱ्या कारागिराची बोटं निळी-लाल झालेली होती आणि नक्षी कोळशाने धाग्यांवर काढलेल्या थोड्याशा खुणांवरून तो बांधत होता. ताश्कंदहून गाडी डोंगराखालच्या १९ किलोमीटरच्या बोगद्यातून खोऱ्यात उतरते. ‘रेशीम मार्ग’ म्हणून सहली विकल्या जातात, पण बहुतेकांच्या कार्यक्रमात रेशीम विणणारं हे गाव नसतं. ते मागून घ्या.

रत्नागिरी

खिवाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. बुखाऱ्याहून साडेचारशे किलोमीटर, किझिलकुम वाळवंटातून. आम्हा कोकणातल्यांना एवढा वेळ झाड न बघण्याची सवय नाही. मधेच अमुदर्या दिसते, रुंद आणि मातकट, आणि मग कापसाची शेतं. हिचं आणि सिरदर्याचं पाणी शेतीकडे वळवल्याने अरल समुद्र आटला.

खिवाचं जुनं गाव तटबंदीच्या आत आहे आणि आतच राहा. दुपारी दगडमाती तापते, म्हणून पहाटे तटाकडेने फिरायचं आणि दुपारी जुमा मशिदीत बसायचं. आत दोनशेहून जास्त कोरीव लाकडी खांब, त्यातले काही तर सुमारे एक हजार वर्षं जुने, आणि छताच्या मोजक्याच झरोक्यांतून उजेड. खांबाचा पाया निमुळता होऊन दगडी बैठकीवर टेकतो. माझे वडील सुतारकाम करायचे. प्रत्येक खांबाची नक्षी वेगळी आहे, हे मी त्यांना फोनवर एकेक खांब दाखवत सांगितलं आणि ते मला ‘खाली दाखव, जोड कसा केलाय ते दाखव’ म्हणत होते.

लातूर

आमची मुलगी समरकंदला डॉक्टरकीचं शिकते. तिच्या वर्गात मराठवाड्यातली बरीच मुलं आहेत. आम्ही दोघं नवरोजला गेलो होतो, २१ मार्चला. आपला पाडवा त्याच सुमारास असतो. तिच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला रात्री अंगणात बोलावलं. मोठ्या कढईत सुमलक रटरटत होतं, गव्हाचे कोंब वाटून काढलेला रस, पीठ आणि तेल. साखर घालत नाहीत, गोडी कोंबांचीच. तळाला लागू नये म्हणून आत धुतलेले गोटे टाकतात. गल्लीतल्या बायका आळीपाळीने रात्रभर ढवळतात, गातात, नाचतात. माझ्या सौभाग्यवतींना एक शब्द कळत नव्हता, तरी पहिला मोठा उलथणा त्यांच्याच हातात दिला. सकाळी वाट्या भरून घरोघर. ज्याच्या वाटीत गोटा येईल त्याने मनात इच्छा धरायची.

मार्चमध्ये जाणार असाल तर सण धरूनच तारखा ठरवा. त्या आठवड्यात खोल्या आणि गाड्या लवकर भरतात आणि रात्री थंडी असते, स्वेटर लागतो. कुणी समरकंदला जात असेल तर कळवा, मुलीला सांगतो. सियाब बाजारात भाव कसा करायचा, हे ती उझबेकमध्ये शिकली आहे.