नाथसागराकाठी सापडलेली शिडाची होडी कोणती असावी?

प्रश्न: पैठणजवळ धरणाचे पाणी ओसरल्यावर बाभळीखाली पालथी पडलेली, सुमारे 4 मीटर लांबीची प्लायवूडची होडी आढळली असून तिच्या तळाला मधोमध लांबट फट आहे आणि सोबत विटके निळे शीड आहे. ती दुरुस्त होईल का?

उत्तर: वर्णनावरून ती ‘एंटरप्राइज’ प्रकारची होडी असावी, होड्यांचे इंग्रज रचनाकार जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेल्या या होडीची लांबी 4.04 मीटर असते. शिडावर इंग्रजी ‘ई’ (E) हे अक्षर आहे का, ते पाहावे. फटीतून पाण्यात सोडायची फळीही शोधावी, कारण तिच्याविना होडी वाऱ्याने आडवी वाहवत जाते.

उत्तर: साहेब, आधी मूळ मालक शोधावा. नंतर होडी आपल्याकडच्या उन्हात नव्हे, तर सावलीत वाळवून लाकडात पेचकस टोचावा; तो जिथे लोण्यात शिरावा तसा शिरेल, तेवढाच भाग कापून इपॉक्सीने (पक्क्या जलरोधक डिंकाने) नवे मरीन प्लायवूड (पाण्यात टिकणारे) बसवावे. रंग सर्वांत शेवटी.

प्रश्नकर्ता: अक्षर आहे. फळी शेजारच्या गोठ्याच्या दाराला आडवी लावलेली सापडली!