जुन्या स्कॅन फाइली शाबूत आहेत का, हे कसे तपासावे?

प्रश्न:
आजोबांच्या मोडी दप्तराची पाने २०११ साली स्कॅन करून दोन हार्ड डिस्कवर ठेवली होती. परवा एक जेपेग उघडली, तर पानाचा खालचा निम्मा भाग करड्या पट्ट्यांत गेलेला दिसला. फाइलचा आकार आणि तारीख मात्र जशीच्या तशी होती. हजारो फाइली एकेक न उघडता असे बिघाड कसे शोधावेत?

उत्तर १:
प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे ६४ अक्षरांचा ठसा, काढून त्याची यादी जपावी आणि दरवर्षी ताडून पाहावी. एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. आपल्याकडे जुनी यादी नसल्याने आधी दोन्ही डिस्कवरचे ठसे एकमेकांशी ताडावेत आणि फरक पडेल तेवढ्याच फाइली डोळ्यांनी पाहाव्यात.

उत्तर २:
फोटोच्या सॉफ्टवेअरने फाइलमध्ये नुसते शीर्षक लिहिले तरी ठसा बदलतो (माझी यात एक रात्र वाया गेली आहे), म्हणून मूळ प्रतींवर लेखनबंदी ठेवावी. शिवाय चेकसम बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. त्यासाठी धड प्रत किंवा आधीच बनवलेल्या पार२ फाइली, म्हणजे बिघडलेला भाग पुन्हा उभा करता येईल अशी जादा माहिती ठेवणाऱ्या फाइली, लागतात.

प्रश्नकर्ता:
१७ फाइलींत फरक निघाला. १६ दुसऱ्या डिस्कवर धड आहेत. एका पानासाठी दप्तर पुन्हा सोडावे लागेल.