फर्न मरगळलंय, पण पाणी घालू नका

माने वहिनी (बी-२०४): मंडळी, फोटो टाकलाय. बोस्टन फर्न आहे, ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी. खालची पानं पिवळी पडून गळतायत, वरची मरगळलीत, शेंडे करपलेत. पाणी रोज घालते. पानांखाली तपकिरी ठिपके पण दिसतायत. कीड असली तर काय मारू?

जाधव दादा (ए-१०१): ऊन किती वाढलंय बघा की. पाणी कमी पडत असणार, दोन वेळा घाला.

चौगुले काकू (सी-३०२): दादा, थांबा जरा. वहिनी, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. आणि ठिपक्यांचा एक जवळून फोटो टाका.

माने वहिनी: आत चिखलच आहे काकू. माती शेतातली काळी आहे. फोटो टाकला.

चौगुले काकू: ठिपके म्हणजे कीड नव्हे. बारीक पानाच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर, ओळीत बसलेत बघा. ते बीजाणूंचे पुंजके, फर्नला बियांऐवजी येतातच. खवले कीड अशी ओळ धरत नाही. ती देठावर आणि मधल्या शिरेवर कुठंही चिकटते, नखानं खरवडली की सुटून येते आणि आसपासची पानं चिकट लागतात. तेव्हा औषध काहीही मारू नका. फर्नची पानं तेलकट फवारणीनं करपतात, निंबोळी तेलानं सुद्धा.

खरं दुखणं मुळांत आहे. आपली काळी माती उसाला चांगली, कुंडीतल्या फर्नला नाही. ओली असली की गच्च बसते, आत हवा राहत नाही आणि मुळं गुदमरून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून माती ओली असून पानं माना टाकतात. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो.

माने वहिनी: मग आता काय करू? टाकून देऊ?

चौगुले काकू: अजिबात नको, पानं फुटतात तो गड्डा घट्ट असेल तर येतंय परत. संध्याकाळी सावलीत करा. कुंडी आडवी धरून बाजूनं थोपटा आणि मुळांसकट गड्डा सगळा बाहेर काढा. फर्नची निरोगी मुळंही काळपट तपकिरीच असतात, त्यामुळं रंगावर जाऊ नका. चिमटीत धरून ओढा. चांगलं मूळ तारेसारखं चिवट लागतं. कुजलेल्याची साल बोटात निघून येते, आत नुसता दोरा उरतो आणि वास येतो. तेवढीच कापा. कात्री आधी स्पिरिटनं पुसा. काळी माती हलक्या धारेखाली जमेल तेवढी धुऊन टाका.

पिवळी पानं बुडातून काढा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असली तर हिरव्यातलीही तिसरा हिस्सा कमी करा, उरलेल्या मुळांना तेवढीच पानं पोसवतात.

नवं मिश्रण: भिजवून दोनदा धुतलेलं कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीतले हलके पांढरे खडे) १ भाग. कुंडी उरलेल्या मुळांपेक्षा फार तर इंचभर मोठी. परत ८ इंचीत लावलंत तर रिकाम्या भागातला ओलावा वाळत नाही आणि पुन्हा तेच होतं. पानं फुटतात तो गड्डा मातीच्या बरोबरीत ठेवा, गाडू नका. भोकातून निथळेपर्यंत एकदा पाणी घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. त्यानंतर वरची अर्धा इंच माती सुकायला लागली की मगच पाणी.

जाधव दादा: बरं झालं सांगितलंत. वहिनी, माझं ऐकू नका 🙏 खत कुठलं द्यायचं? शेंगपेंड आहे घरात.

चौगुले काकू: शेंगपेंड नको, कुजताना तापते आणि मुंग्या लागतात. नवे गुंडाळलेले कोंब उलगडायला लागेपर्यंत कुठलंच खत नाही. मग महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत), लिटरला १ ग्रॅम, तेही ओल्या मातीत.

कुलकर्णी काका (बी-४०३): शेंड्यांचं मी सांगतो. वहिनी, पाणी कुठलं घालता?

माने वहिनी: फिल्टरचं वाया जाणारं काका. फुकट जायला नको म्हणून.

कुलकर्णी काका: ते बंद करा. गाळून उरलेले सगळे क्षार त्यात असतात. ते कुंडीत साठतात, काठावर पांढरा थर धरतो आणि पानांचे शेंडे जळतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. नळाचं चालेल, पावसाचं सगळ्यात उत्तम. बोअरचं जड असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू सोडून क्षार धुऊन काढा. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत, पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा. पश्चिमेचं ऊन एप्रिलमध्ये दोन दिवसांत पानं भाजतं.

पाटील ताई (सी-१०२): राधानगरीला रस्त्याकडेला ढीगभर फर्न असतंय. या रविवारी एक उपटून आणू का?

कुलकर्णी काका: नको ताई, अभयारण्य आहे ते. शिवाय घाटातलं झाड इथल्या कोरड्या हवेत टिकत नाही. नर्सरीतलंच घ्या.

माने वहिनी: कुंडीतून दोऱ्यासारखे लांब तंतू लोंबतायत, तेही कापू?

चौगुले काकू: ते ठेवा! धावत्या फांद्या आहेत त्या. एक-दोन तंतू शेजारच्या ३ इंची कुंडीत ओल्या कोकोपीटवर केसांच्या पिनेनं टेकवा, मूळ झाडापासून तोडू नका. रोप धरून स्वतःची ३-४ पानं आली की मग तोडा. आज गड्डा काढलात की मुळांचा फोटो टाका, किती कापायचं ते बघून सांगते.