मदत हवी आहे : आधार चंदगडचे, काम बेळगावात, पीएम विश्वकर्माची पडताळणी कुठे?

बेळगावातील आमच्या शहापूरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या चार महिलांना पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेतून शिवणकामाचे प्रशिक्षण घ्यायचे असून, त्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळत असल्याने बुडणाऱ्या मजुरीची त्यांना फारशी चिंता नाही. अडचण अशी, की आधार आणि रेशनकार्ड महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले आहे, तर बेळगाव कर्नाटकात. राज्यांची हद्द इथेही आडवी आलीच. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राने आधारवरील पत्ता बदलून आणण्यास सांगितले, तर गावच्या पंचायतीने व्यवसाय इथे नाही म्हणून परत पाठवले. मोबाइल आधारला जोडलेले आहेत, एका घरातून एकच अर्ज आहे, मुद्रा कर्ज कुणाचेही नाही. मात्र भाडेकरार नोंदणीकृत नाही आणि वीजबिल घरमालकाच्या नावाचे आहे. आधारवरील पत्ता न बदलता बेळगावात पडताळणी होते का, आणि बदलायचाच झाल्यास नगरसेवकाचा दाखला पुरतो का?